रात्री अकराला बांधून आणलेला पेशंट : सिस्टरच्या हातात कायद्याने काय येते

कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयातल्या स्टाफ नर्स ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. रात्री अकराला वाडीतले चौघे एका तिशीतल्या माणसाला धरून आणतात. हात नायलॉनच्या दोरीने मागे बांधलेले. थोरला भाऊ म्हणतो, "सही मी करतो, ॲडमिट करून घ्या, झोपेचं इंजेक्शन द्या आणि बांधूनच ठेवा." मानसोपचारतज्ज्ञ रुग्णालयात रोज नसतात. पेशंट म्हणतो, "मला घरी जाऊ द्या." अशा वेळी सिस्टरने काय करायचे, आणि उद्या काही झाले तर कोणाच्या अंगाशी येईल?

सरळ उत्तर आधी देतो. भावाची सही म्हणजे पेशंटची संमती नव्हे. दोरी आल्या आल्या सोडायची. इंजेक्शन द्यायचे की नाही हे भाऊ ठरवत नाही, सिस्टरही ठरवत नाही. पेशंटला तपासून डॉक्टर ठरवतात आणि का दिले ते लिहितात. 'मानसिक रुग्ण आहे, त्याला काय कळतंय' हे वाक्य वॉर्डात सर्रास ऐकू येते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने नेमके तेच मोडीत काढले आहे. १९१२ च्या आणि १९८७ च्या जुन्या कायद्यांवर शिकलेली मंडळी अजून 'रिसेप्शन ऑर्डर', म्हणजे दंडाधिकाऱ्यांचा भरतीचा हुकूम, म्हणतात. ती पद्धत गेली.

आता तुमच्या प्रसंगाकडे. तुमच्याकडे त्या रात्री मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, म्हणून तुम्ही उभ्या आहात त्या कायद्याच्या ९४ व्या कलमावर, म्हणजे आणीबाणीच्या उपचारावर. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे ड्युटीवरचे एम.ओ. (वैद्यकीय अधिकारी), हे उपचार करू शकतात. पण अट आहे : मृत्यू किंवा तब्येतीचे कायमचे नुकसान टाळायचे असेल, पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करेल असे असेल, किंवा आजारापायी मालमत्तेचे मोठे नुकसान होणार असेल, तरच. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलणारी व्यक्ती, हजर असेल तर त्याची समजून दिलेली संमती घ्यायची. आणि ही मुभा ७२ तासांची, किंवा मानसिक आरोग्य आस्थापनेत (मानसोपचाराच्या रुग्णालयात किंवा कक्षात) तपासणी होईपर्यंतची, यातले जे आधी घडेल तोवरची. तिथवर पोचवणे हेही या कलमातच येते. या कलमाखाली शॉक देता येत नाहीत.

घड्याळ कधी सुरू झाले हे डॉक्टर बहुधा लिहीत नाहीत. ते तुम्ही लिहा. केसपेपरच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात : 'कलम ९४, सुरू दि. — वेळ —, ७२ तास संपतात दि. — वेळ —'. शुक्रवारी रात्री आलेल्या पेशंटची मुदत सोमवारी रात्री संपते, आणि मधल्या शनिवार-रविवारात कोणाच्याच ते लक्षात राहत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट, जी कायद्याच्या पुस्तकात नाही आणि जिच्यापायी माणसे दगावतात. बडबडतो, ओळखत नाही, मारायला उठतो म्हणजे मानसिकच, असे धरू नका. ग्लुकोमीटरवर साखर, ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन एवढे दोन मिनिटांत होते. पावसाळ्यात भातलावणीतून आलेला, ताप असलेला, डोळे लाल झालेला माणूस भ्रमात असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका डॉक्टरांच्या कानावर घाला. रोज पिणाऱ्याने दोन-तीन दिवसांपासून दारू सोडली असेल, हात थरथरत असतील, घाम फुटला असेल, भिंतीवर किडे दिसत असतील तर तो दारू सुटल्याचा भ्रम आहे. त्याला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) हवे, हे आठवण करून द्यायला लाजू नका. डोक्याला मार लागला होता का, हे भावाला नव्हे, ज्याने धरून आणले त्याला विचारा. त्याने पाहिलेले असते.

क्षमतेबद्दल. कायद्याने प्रत्येक माणसात, मानसिक आजार असलेल्यातही, स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असेच मानून चालायचे. पाहायचे ते तीन गोष्टींवरून : सांगितलेली माहिती त्याला समजते का, निर्णयाचे पुढे काय होईल याची जाण आहे का, आणि निर्णय बोलून, खुणेने, कसाही कळवता येतो का. स्किझोफ्रेनियाचे निदान आहे म्हणून क्षमता नाही, असे होत नाही. आपल्याला चुकीचा वाटणारा निर्णय घेतला म्हणूनही नाही. ही पारख डॉक्टरांची, पण रात्रभर पेशंटजवळ तुम्हीच असता, म्हणून तुमची नोंद मोलाची. साधे विचारा : "ही गोळी कशासाठी देतोय, सांगा बघू." "नाही घेतली तर काय होईल असं वाटतं?" "मग काय ठरवलंत?" पेशंट मालवणीत बोलत असेल तर तुम्हीही "गोळी कित्याक?" असेच विचारा. समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे, तुमचा मोठेपणा नाही. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. 'इनसाइट ॲबसेंट' (आजाराची जाण नाही) हा शिक्का मारून काही कळत नाही. 'म्हणाला, गोळीत भावाने विष घातलंय, घेतली तर मरेन' यातून सगळे कळते. आणि ही अवस्था बदलते. रात्री दोनला नसलेली समज सकाळी आठला असू शकते, तेव्हा पुन्हा विचारायचे.

भाऊ 'मी जवळचा' म्हणतो, तर नामनिर्देशित प्रतिनिधी तोच का? नसेलही. कोणत्याही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमता येतो. स्टँपपेपर लागत नाही. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याने लेखी होकार द्यायला हवा. पेशंटने बायकोचे किंवा मित्राचे नाव दिले असेल तर भाऊ मागे. असा कागदच नसेल तर आगाऊ निर्देशात, म्हणजे कसे उपचार हवेत-नकोत हे पेशंटने आधीच लिहून ठेवलेल्या कागदात, कोणाचे नाव आहे ते पाहायचे, मग नातेवाईक, मग सांभाळणारा, मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाने नेमलेली व्यक्ती, आणि कोणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक, असा क्रम आहे. आपल्याकडे नवरा मुंबईला, सासरे गावी आणि आणणारा दीर, असे नेहमीचेच. म्हणून पेशंट शुद्धीवर येताच विचारायचा प्रश्न : "तुमच्या वतीनं कोणी बोललेलं चालेल?" उत्तर कागदावर. जमीन-बागेच्या वाटणीचे भांडण चालू असलेल्या घरात हा प्रश्न तर विसरूच नका.

आता बांधण्याकडे येतो, कारण खरी चूक इथेच होते.

साखळी कोणत्याही प्रकारे, कोणत्याही रूपात चालत नाही. ही बंदी पूर्ण आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळीने जखडलेल्या २८ जणांना पळता आले नाही. एकांतात कोंडणेही बंद : बाहेरून कडी लावलेली खोली म्हणजे कोंडणेच, तिला 'सायलेंट रूम' म्हटले तरी. शारीरिक अटकाव मात्र काही अटींवर चालतो. तत्काळ होणारी इजा टाळायचा दुसरा मार्ग उरलेला नसावा. उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी हवी. अगदी गरजेपुरताच वेळ. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, आणि स्टाफ कमी आहे म्हणून तर नाहीच. हे शेवटचे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. 'तीस पेशंटला एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय)' ही अडचण खरी आहे, पण ती अधीक्षकांना लेखी कळवायची. पेशंटच्या मनगटावर उतरवायची नाही.

अटकाव असताना सतत देखरेख हवी. २४ तासांत प्रतिनिधीला कळवायचे, आणि दर महिन्याला सगळ्या घटनांचा अहवाल मंडळाकडे जायचा. मंडळ म्हणजे मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ. त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, त्या पात्रतेचे न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात.

हाताने काय करायचे ते असे. दोरी, गमछा, ओढणी नको : ओल्या ओढणीची गाठ आवळत जाते आणि सुटत नाही. रुंद, मऊ, अस्तराचे पट्टे वापरा. पट्टा आणि कातडी यांत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पट्टा खाटेच्या चौकटीला बांधा, वरखाली होणाऱ्या कठड्याला नाही, नाहीतर कठडा खाली करताना खांदा निखळतो. पालथे कधीच निजवायचे नाही, छातीवर गुडघा टेकायचा नाही. पालथा दाबून धरलेला माणूस ओरडायचा थांबला म्हणजे शांत झाला असे नव्हे, त्याचा श्वास अडकला असू शकतो. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब, सूज, श्वास. दोन तासांत एकेक करून हातपाय सोडून हलवायचे. पाणी, लघवी विचारायची, आणि विचारले ते लिहायचे.

इंजेक्शन दिले असेल, आपल्याकडे बहुधा हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि फेनरगन, तर पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास पाहा. काही तासांनी मान वाकडी होऊन आखडली, डोळे वर फिरले, जीभ बाहेर आली तर 'नाटक करतोय' म्हणू नका. तो औषधाचा परिणाम आहे आणि इंजेक्शनने उतरतो. तरुण पुरुषांत जास्त दिसतो. आणि केसपेपरवरची 'एस.ओ.एस. हॅलो-फेनरगन', म्हणजे 'लागेल तेव्हा द्या', ही मोकळी ऑर्डर मला धोक्याची वाटते. कोणत्या वागण्याला, किती वेळा, जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर इंजेक्शनचा निर्णय नकळत तुमचा होतो.

नोंदीचा फरक पाहा. नेहमीची नोंद अशी : 'पेशंट व्हायोलंट. रिस्ट्रेन केले. डॉक्टरांना कळवले.' ही कुठे टिकत नाही. कोणी, कधी, का, काहीच नाही. तीच नोंद अशी हवी :

'२.१० — शेजारच्या पेशंटवर सलाईनचा स्टँड उगारला. २.१२ — नावाने बोलले, पाणी दिले, शेजारची खाट हलवली, मामांना बोलावले. २.१८ — पुन्हा स्टँड उगारला. २.२० — मानसोपचारतज्ज्ञ डॉ. — यांना फोन, दोन मनगटांना मऊ पट्टे लावण्यास परवानगी, एम.ओ. हजर. २.२५ — उताणे, पट्टे लावले, दोन बोटांची जागा. २.४० — बोटे गरम, श्वास १८, शिव्या चालू. २.५५ — शांत, पाणी प्याले. ३.०५ — उजवा हात सोडला. ३.२० — दोन्ही सोडले. मनगटावर व्रण नाही. सकाळी ७.०० — बहिणीला फोन करून कळवले.'

मधली २.१२ ची ओळ सगळ्यात महत्त्वाची. दुसरे उपाय करून पाहिले, याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असतो. फोनवरची परवानगी कागदावर नसेल तर ती नव्हतीच असे समजा. नाव आणि वेळ लगेच लिहा, सही सकाळी मागून घ्या. पद्धत, स्वरूप, कारण, कालावधी नोंदवायची जबाबदारी कायद्याने एम.ओ. वर किंवा प्रभारी तज्ज्ञांवर आहे. तुमच्या नोंदीने त्यांची नोंद भरून निघत नाही, आणि त्यांनी लिहिले म्हणून तुमची सुटत नाही.

पुढे पाठवायचे असेल तर रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा जिथे मानसोपचार कक्ष आहे असे जवळचे रुग्णालय. सिंधुदुर्गातून निघालात तर निम्मा दिवस मोडतो, पावसात विचारू नका. पत्रात एवढे हवेच : कलम ९४ कधी सुरू झाले, कोणते औषध किती वाजता किती दिले, शेवटची नाडी-बीपी-साखर, अटकाव केला होता का, प्रतिनिधी कोण आणि त्याचा फोन. झोपेचे औषध दिलेल्याला कुशीवर निजवा. बाई असेल तर सोबत महिला कर्मचारी. नातेवाइकांनी 'वाटेत पळेल' म्हणून स्ट्रेचरला बांधायला सांगितले तर वरच्याच अटी तिथेही लागू.

तिथे पोचल्यावर दोन वाटा असतात. पेशंट स्वतः अर्ज करून दाखल झाला तर तो 'स्वतंत्र रुग्ण', कलम ८६. समजून दिलेल्या संमतीशिवाय त्याला औषध देता येत नाही, वरणभातात कालवूनही नाही. तसे केलेले लक्षात आले की तो जेवण टाकतो, मग औषधही गेले आणि अन्नही. दुसरी वाट कलम ८९ : प्रतिनिधीचा अर्ज, आणि त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी. त्या दोघांत एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरे मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. मंडळाला कळवायचे बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, इतरांसाठी ७ दिवसांत. संमती प्रतिनिधीने दिली असेल तर क्षमता दर ७ दिवसांनी पुन्हा पाहायची. डिस्चार्ज झाल्यापासून ७ दिवसांत पुन्हा आणले तर ८९ लागत नाही, ९० खाली विचार करावा लागतो आणि तिथे दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात. घाईत केलेला डिस्चार्ज इथे अंगाशी येतो.

'मला घरी जाऊ द्या' याचे उत्तर यावरच ठरते. स्वतंत्र रुग्णाने डिस्चार्ज मागितला की तो लगेच द्यायचा. त्याला डामाच्या (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याच्या) कागदावर सही करायला लावून 'पुन्हा इथे यायचं नाही' असे सुनावणे चूक आहे. तो आपला हक्क बजावतो आहे. धोक्याची ठोस लक्षणे असतील तरच तज्ज्ञ त्याला २४ तासांपर्यंत थांबवू शकतात, आणि तेही ८९ साठी तपासणी करायला. मोठ्या भावाला यायला उशीर होतोय, हे या लक्षणांत बसत नाही. ८९ खाली असलेल्याला मंडळाकडे दाद मागता येते आणि मोफत कायदेशीर मदतही मिळते. हे त्याला सांगणे आपले काम आहे. मंडळाचा पत्ता भिंतीवर लावा, अर्ज लिहायला कागद-पेन द्या.

रोजच्या वॉर्डातले हक्क लहान दिसतात, पण तक्रारी त्यांच्याच येतात. उवा झाल्या म्हणून केस भादरता येत नाहीत. पर्मेथ्रिन, बारीक फणी, ८-१० दिवसांनी पुन्हा. गणवेशाची सक्ती नाही. आगोटीपासून कपडे वाळत नाहीत ही अडचण कोकणात सगळ्यांची आहे, म्हणून वॉर्डातले जादा कपडे ठेवा, पण पेशंटचे स्वतःचे काढून घेऊ नका. पॅड मागावे लागू नयेत, दिसतील अशा जागी ठेवा. मोबाइल वाजवी वेळेत वापरता येतो. धोका चार्जरच्या वायरचा असतो, तर चार्जर नर्सिंग स्टेशनवर ठेवा, फोन त्याच्याकडे. भाजी निवडायला, फरशी पुसायला बसवायचे असेल तर सक्ती नाही, आणि केले तर मोबदला. मंगळसूत्र सुरक्षिततेसाठी काढले तर पेशंटसमोर रजिस्टरला लिहून, साक्षीदाराच्या सहीने.

बाळंतपणानंतर आजारी पडलेल्या बाईचे बाळ सासू परस्पर घेऊन जाते, हे मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. तीन वर्षांखालचे मूल सहसा आईपासून तोडायचे नाही. मुलाला धोका आहे असे मानसोपचारतज्ज्ञांचे मत असेल तर तात्पुरते वेगळे, पण देखरेखीखाली भेट चालू ठेवायची, दर १५ दिवसांनी फेरविचार, आणि सलग ३० दिवसांपलीकडे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी. 'बाळाला पाजायला आणा, मी बसते बाजूला' हे काम सिस्टरचेच.

गुप्ततेबद्दल एकच सांगतो. आपल्याकडे वॉर्डातला मामा आणि पेशंट एकाच वाडीतले निघतात. मामाला केसपेपर वाचायचे काही कारण नाही. सरपंचांनी फोन करून 'काय झालंय त्याला' विचारले तर उत्तर 'सांगता येत नाही' एवढेच. पोलिसांनी रेल्वे स्थानकावरून आणलेल्या बेवारस माणसाचा फोटो ओळख पटावी म्हणून ग्रुपवर टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. पोलिसांची बेपत्ता नोंद हा त्याचा मार्ग आहे. अशा माणसाला पोलिसांनी २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत आणायचे असते, कोठडीत ठेवायचे नसते. तुम्ही त्याची भाषा, गोंदण, खिशातली तिकिटे लिहून ठेवा. बोटींवरचे खलाशी, आंब्याच्या बागांतले राखणदार घरापासून फार लांबचे असतात. तेलुगू किंवा नेपाळी जाणणारे कोणी शोधा, आणि मगच 'असंबद्ध बडबड' लिहा.

मनगटावर जुने व्रण दिसले, पाठीवर डाग दिसले, तर ते शरीराच्या चित्रावर नोंदवा. घरच्यांना आधी देवस्की (देव-भुताची बाधा) वाटते, भगताकडे जाऊन मग ते आपल्याकडे येतात. त्यांच्यावर खेकसून उपयोग नाही. पण भूत उतरवायच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे. घरात छळ किंवा हेळसांड होत असल्याचे वाटले तर कोणीही पोलिसांना कळवू शकतो, आणि ठाणे अंमलदाराने ते दंडाधिकाऱ्यांपुढे मांडायचे असते. हे तोंडी नको, एम.ओ. च्या सहीने लेखी.

विष प्यालेल्याला 'आता तुझ्यावर केस होणार' म्हणून घाबरवणे तर आजच बंद करा. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार तो तीव्र तणावाखाली होता असे धरायचे असते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलमच नाही. सार्वजनिक सेवकाला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा. एम.एल.सी. (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद चालू राहते, धमकी नाही. जाताना १४४१६, टेली-मानसचा क्रमांक, फोनमध्ये साठवून द्या.

'अंगाशी कोणाच्या येईल' हे राहिले. मानसिक आरोग्यसेवा कायदा मोडला तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा मोडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० ते ५ लाख दंड किंवा दोन्ही. यात हुद्दा पाहिलेला नाही. डॉक्टरांनी सांगितले म्हणून साखळी लावली, हे सिस्टरला वाचवत नाही. प्रामाणिकपणे केलेल्या कामाला संरक्षण आहे, आणि प्रामाणिकपणा दिसतो तो वेळ टाकलेल्या नोंदींतून. म्हणून सकाळच्या हँडओव्हरला 'एक सायकिॲट्री, रात्री त्रास दिला' एवढ्यावर वही मिटू नका. कोणत्या कलमाखाली आहे, किती तास उरले, प्रतिनिधी कोण, अटकाव झाला का, पेशंट काय मागतो आहे, हे पाचही रिलीव्हरला (पुढच्या पाळीच्या सिस्टरला) खाटेजवळ उभे राहून, पेशंटला ऐकू जाईल असे सांगा.